आई-बाबांना घेऊन ईदाला याकिनिकू खायला जायचंय, कोणी गेलंय का?

चिपळूणचा_गण्या

नमस्कार मंडळी, आम्ही नागोयाला असतो, मी गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. ऑक्टोबरात आई-बाबा पहिल्यांदाच जपानला येतायत आणि हे आमच्या बुचोंच्या (विभागप्रमुखांच्या) कानावर गेल्यापासून ते माझ्या मागे लागलेत की दोघांना घेऊन आमच्या गावी या. त्यांचं गाव म्हणजे नागानोच्या दक्षिण टोकाचं ईदा, सकाळी सफरचंदाची बाग दाखवतो आणि संध्याकाळी याकिनिकू (टेबलावरच्या शेगडीवर आपणच मांस भाजून खायचं ते) खाऊ असा त्यांनी स्वतःच बेत पण ठरवून टाकलाय. नाही म्हणायची सोय नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही जायचंच आहे.

आता घोळ असा की बाबा मटण-मासे म्हटलं की ताटावरनं उठत नाहीत पण गाय-म्हैस अजिबात नाही. आई पूर्ण शाकाहारी, अंडं पण नाही. बायको चिकन खाते, मी सगळं खातो. बुचोंना मी एवढंच बोललोय की घरचे बीफ खात नाहीत, त्यावर ते नुसते हसले आणि दाइजोबु दाइजोबु, म्हणजे काळजी नको, म्हणाले, ते नेमकं कशाच्या जोरावर म्हणाले ते मला काही कळलं नाही.

तर विचारायचंय असं की याकिनिकूच्या दुकानात बीफ सोडून माणसानं खायचं काय? आईचं काय करायचं, तिला नुसतं बसवून ठेवायचं का? आणि तिथली दुकानं नागोयासारखीच असतात की वेगळी, कारण इथे आम्ही जातो ती सगळी चेन, टॅबलेटवर ऑर्डर मारायची आणि दीड तासात उठायचं. बाबांचे गुडघे पण दुखतात, खाली बसायला लागलं तर पंचाईत.

पुणेरी_तोक्योकर

अहो बीफ न खाणाऱ्यांना घेऊन याकिनिकूला जाणं हेच मुळात मला पटत नाही. एवढ्या लांब डोंगरात जाऊन कोबीची पानं भाजायची का? आणि तुम्ही स्वतः खाताच तर नागोयाहून किंतेत्सु रेल्वेनं सव्वा तासात मात्सुसाका आहे, तिथे जा, ए-फाइव्ह, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं मात्सुसाका बीफ एकदा खा आणि मग बोला. ईदा-बिदा ठीक आहे पण याकिनिकू म्हणजे वाग्यू (जपानी जातीच्या गुरांचं बीफ), बाकी सगळी भरती.

तेनर्यूकाठचा_सांगलीकर

गणेशराव (नाव गणेशच असणार असं धरून चालतो), मी गेली बरीच वर्षं ईदाच्या शेजारच्या गावात मशीनिंगच्या कारखान्यात आहे. तुमच्या बुचोंनी दाइजोबु म्हटलं ते अगदी विचार करून म्हटलंय, कारण ईदात याकिनिकू म्हणजे आधी मटण.

तोक्योकरांना हे माहीत नसणार, त्यांची चूक नाही, तोक्योत मीही असतो तर मलाही नसतं कळलं. ईदा एक लाखाच्या आतलं गाव, पण लोकसंख्येच्या मानानं याकिनिकूची दुकानं जपानात सगळ्यात जास्त आमच्याकडे असं हे लोक छाती काढून सांगतात, आणि गावातनं फिरताना ते खरं वाटतं. ही दुकानं महागड्या बीफवर नाही चालत. इथला माणूस बसल्या बसल्या जे मागवतो ते म्हणजे मातोन आणि कुरोमोत्सु. मातोन म्हणजे मोठ्या मेंढीचं मटण, पातळ कापलेलं, आणि कुरोमोत्सु म्हणजे काळी वजडी, ती गुराची असते तेव्हा बाबांनी तिच्याकडे बघायचं नाही. डुक्कर असतं, चिकन असतं. बीफ पण असतं आणि चांगलं असतं, दक्षिण शिन्श्यूचं (म्हणजे दक्षिण नागानोचं) स्वतःचं बीफ आहे, पण ते पाहुणा आला की. मातोनची प्लेट तीन आकडी येनमध्ये येते, त्यामुळे घरातली सगळी, आजी-आजोबा, शाळेतली पोरं, बेसबॉलची टीम, सगळी जातात. कोणी दबक्या आवाजात मांसाची तारीफ करत बसत नाही.

एक मात्र आधीच सांगा बाबांना, की हे बोकडाचं मटण नाही. मेंढीचा वास वेगळा, चरबी जास्त, आणि माल बहुतेक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा. पूर्वी या डोंगराळ भागात लोकरीसाठी घरोघरी मेंढ्या पाळायचे त्यातनं ही मटणाची चव लागली, पुढे मेंढ्या गेल्या पण सवय राहिली. गावावरनं धनगरांच्याकडचं मटण खाल्लेला माणूस असेल तर त्याला काही वाटणार नाही. माझ्या सासऱ्यांनी पहिल्या घासाला नाक मुरडलं आणि नंतर तीन प्लेटी एकट्यानं संपवल्या.

वजडीची गोष्ट जरा कडू आहे पण ती सांगायलाच पाहिजे. जपानभर याकिनिकू जे पसरलं ते युद्धानंतर तिथे राहिलेल्या कोरियन लोकांमुळे, जपानी लोक जी आतडी-कोतडी टाकून द्यायचे ती ते भाजून विकायचे, ओसाकाच्या त्सुरुहाशीत अजून तो वास गल्लीभर असतो. ईदाकडे हे कोरियन लोक आले ते रेल्वे आणि धरणांच्या कामावर. तेनर्यू नदीच्या दरीतनं जी रेल्वे जाते ना, ती १९३७ ला पूर्ण जोडली गेली, तिच्या बोगद्यांवर कोरियन मजूर होते (आणि त्या कड्याकपारीची मोजणी केली ती कावामुरा कानेतो नावाच्या आइनू (उत्तर जपानचे मूळ रहिवासी) माणसानं, त्याच्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन). मग १९४० ला खाली हिराओका धरण सुरू झालं, तिथे तर कोरियन आणि चिनी लोकांना जबरदस्तीनं आणलं, युद्धकैदी पण होते, कित्येक तिथेच मेले. त्या मजुरांच्या वस्त्यांमधनं आतडी भाजून खायची पद्धत गावात आली असं इथले म्हातारे सांगतात. आता सगळे मजेत खातात, पण नदीकडेनं गाडी चालवताना मला ते आठवतं.

गुडघ्यांचं म्हणाल तर महत्त्वाचं विचारलंत. जुनी दुकानं तातामीवर (जमिनीवरच्या चटयांवर) मांडी घालून बसायची असतात. बुकिंग करताना बुचोंना सांगा "तेबुरु सेकी", म्हणजे टेबल-खुर्चीची जागा हवी, नाहीतर होरिगोतात्सु, म्हणजे टेबलाखाली पाय सोडायला खड्डा असतो तसलं. बुकिंग कराच, शनिवारी जागा मिळत नाही. आणि आईंचे पायमोजे धड बघून घाला, बूट काढायला लागतात.

पुणेरी_तोक्योकर

मटण असेल तर मग ते जिंगिसुकान झालं की, उत्तरेकडच्या होक्काइदोचं मेंढीचं भाजलेलं मटण. त्याला याकिनिकू कशाला म्हणायचं.

तेनर्यूकाठचा_सांगलीकर

इथे एकाच शेगडीवर मटण, डुक्कर, वजडी, कोबी सगळं एकत्र जातं आणि त्याला सगळे याकिनिकूच म्हणतात. तुम्ही या, दुकानदाराला समजावून सांगा, मी बाजूला उभा राहून ऐकतो.

बाय द वे ए-फाइव्हमधला ए चवीचा नसतो. जनावराच्या धडातनं विकण्यालायक मांस किती निघतं त्याचा तो अक्षराचा शेरा, खाटकाच्या कामाचा. चरबीची नक्षी, रंग, पोत हे सगळं आकड्यात. वाग्यूला नावं ठेवत नाही मी, पण चार तुकड्यांच्या वर खाऊन बघा, मग पोटच नको म्हणतं.

नागपूरची_सून

पुरुष मंडळी मटणात रमली, आईंचं कोणी बोललंच नाही. मी सांगते, माझ्या सासूबाई इथे येऊन गेल्यात आणि त्याही कट्टर.

याकिनिकूच्या दुकानात भाजी भाजायला मिळते, याकीयासाइ म्हणून प्लेट येते, त्यात कांदा, लाल भोपळा, मका, ढोबळी मिरची, शिताके मशरूम. खरा त्रास भाजीचा नाही, त्याच्या आजूबाजूचा. शेगडी एकच, चिमटा एकच, आणि मांसाची चरबी जाळीवर लागलेली. म्हणून आईंसाठी वेगळी शेगडी मिळत असेल तर बघा, नाहीतर टेबल दोन घ्या, चौघं-पाच जण असाल तर दोन टेबलं जोडून सहज देतात. तेही नाही झालं तर फॉइल. लसूण तिळाच्या तेलात फॉइलच्या वाटीत घालून शेगडीवर ठेवतात ते बहुतेक ठिकाणी मेनूतच असतं, तसंच मशरूम बटर घालून. फॉइल असलं की जाळीचा संबंध येत नाही.

आता लपलेल्या गोष्टी. किमची शाकाहारी नाही, त्यात कोळंबीचं खारवण किंवा फिश सॉस असतो. नामुल दिसायला नुसती पालक-मोड आलेल्या कडधान्याची कोशिंबीर वाटते पण बऱ्याच ठिकाणी चिकनची नाहीतर बीफची पावडर मारतात. वाकामेचं (समुद्री शेवाळाचं) सूप हाडांच्या पाण्यातलं. रेइमेनचा, म्हणजे थंड नूडल्सचा, रस्सा बीफचा. ताऱे, म्हणजे ती बुडवायची चटणी, त्यात सोया सॉस साखर लसूण सफरचंद वगैरे असतं पण मांसाचा अर्क आहे की नाही हे दुकानागणिक वेगळं, विचारूनच. मीठ, लिंबू आणि तिळाचं तेल मागा, ते प्रत्येक दुकानात असतं आणि भाजलेल्या भोपळ्यावर खरंच मस्त लागतं. पांढरा भात मिळतो. सासूबाईंनी पर्समधनं मेतकुटाची पुडी काढली, गरम भातावर तिळाचं तेल आणि मेतकूट, आणि वेट्रेस विचारायला आली की हे कुठलं फुरिकाके (भातावर भुरभुरायची जपानी पूड).

गोड खाताना आन्निन तोफूला (बदामाच्या चवीची पांढरी जेली) जिलेटिन असू शकतं, त्यापेक्षा युझुचं (जपानी लिंबाचं) सरबतासारखं आइसक्रीम मागवा. आणि दुपारी हॉटेलवर थोडं खाऊनच न्या त्यांना, म्हणजे रात्री नाही जमलं काही तर उपाशी राहायला नको.

मडगावचो_बाबुश

माझं मराठी थोडं गोव्याकडचं, समजून घ्या. आमच्या घरात बीफ-पोर्क सगळं चालतं म्हणून मी भाजण्याबद्दल लिहितो, कारण आपले लोक जपानमधी याकिनिकूला जाऊन काय करतात ते बघून मला रडू येतं. प्लेट आली की सगळीच्या सगळी जाळीवर ओततात!! मग वर ज्वाळा, खाली कोळसा आणि मधी चामडं.

दोन-तीन तुकडे ठेवा, बास. आधी मीठवाले, मग ताऱेवाले, कारण ताऱेमधी साखर आहे ती जाळीला चिकटून जळते आणि पुढच्या सगळ्याला कडू करते. जाळी काळी झाली की "आमी ओ काएते कुदासाइ" बोला, नवीन देतात, पैसे घेत नाहीत बहुतेक ठिकाणी. जीभ घेतली असेल तर तीच पहिली, वरची बाजू घामेजली की एकदाच पलटायची, लिंबू पिळून तोंडात. मातोन मी होक्काइदोला खाल्लंय, पातळ असतं ते, गुलाबीपणा गेला की उचला, जास्त ठेवलं की चिवट. आतडं असेल तर पहिल्यांदा कातडीची बाजू खाली, ती आकसून कुरकुरीत झाली की चरबीची बाजू नुसती दाखवायची शेगडीला. ज्वाळ उठली तर पाणी मारू नका, बर्फाचा खडा ठेवा त्या जाग्यावर, बर्फ मागितला की आणून देतात.

आणि चिमटा कच्च्याला, चॉपस्टिक खायला. हे लोक हसतखेळत असतात पण याबाबतीत कडक. २०११ ला तोयामा आणि फुकुइकडे एका याकिनिकू चेनमधी कच्चं बीफ खाऊन पाच जण मेले, त्यानंतर कच्च्या बीफचे नियम आवळले आणि २०१२ च्या जुलैपासून बीफची कच्ची कलेजी विकायचीच बंद केली. तेव्हा कोणी कोपऱ्यात बोलावून "खास आहे" म्हणून कच्चं दिलं तर नको म्हणा. डुक्कर आणि चिकन तर पूर्ण शिजवूनच.

चिपळूणचा_गण्या

बापरे, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. मेतकूट आई आणणारच आहे, तिला सांगायची गरज नाही.

अजून दोन शंका. एक म्हणजे जायचं कसं, मी गाडी भाड्यानं घ्यावी म्हणतोय पण मग बियर नाही पिता येणार आणि बुचोंसमोर ऊलोंग चहा घेऊन बसायचं म्हणजे... बायको गाडी चालवत नाही इथे. दुसरं, धुराचं काय, बाबांना थोडा दम्याचा त्रास आहे.

तेनर्यूकाठचा_सांगलीकर

धुराचं आधी. शहरातल्या दुकानांत शेगडीच्या कडेनं धूर खाली ओढून घेतात, ती बिनधुराची शेगडी तुमच्या नागोयाच्याच एका कंपनीनं १९८० ला काढली आणि त्यानंतर बायका ऑफिसच्या कपड्यांवर याकिनिकूला जायला लागल्या असं म्हणतात. आमच्याकडे नवीन दुकानांत ती आहे. जुन्यांत डोक्यावर एक काळा पडलेला पंखा आणि उघडी खिडकी, आणि तिथलं मटण जास्त चांगलं हेही खरं. बाबांना त्रास असेल तर नवीन दुकान बघा, चव थोडी इकडची तिकडे झाली तरी चालेल. कपडे मात्र साधे घाला दोन्हीकडे, जॅकेट गाडीत ठेवून या.

जायचं तर नागोयाहून हायवे बस धरा, दोन तासांच्या आसपास, वाटेत एनाचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा लागतो तो संपला की आलंच. रेल्वेनं जाऊ नका! नकाशावर तोयोहाशीहून ईदा लाइन दिसते आणि लोकांना मोह होतो. दर तीन-चार मिनिटांनी स्टेशन, पूर्ण लाइनवर ९४ स्टेशनं आहेत, निसर्ग अप्रतिम पण आई-बाबांची कंबर मोडेल. लिनियरचं (चुंबकावर धावणाऱ्या नव्या वेगवान रेल्वेचं) स्टेशन होणार आहे इथे, ते झाल्यावर बघू.

गाडी आणलीच तर दाइको बोलवा. ही खेड्याकडची सोय, तोक्योकरांना फारशी लागत नाही. फोन केला की एका गाडीतनं दोघं येतात, एक जण तुमची गाडी तुम्हाला बसवून घरी नेतो, दुसरा मागनं स्वतःची गाडी घेऊन येतो आणि पहिल्याला परत नेतो. ईदात बस रात्री लवकर संपतात म्हणून दर दुकानाच्या काउंटरवर दाइकोचा नंबर चिकटवलेला असतो. पिऊन चालवायचा विचार पण नको, इथे ज्यानं पाजली तो आणि जो शेजारी बसला तोही अडकतो, त्यामुळे बुचोच तुम्हाला चालवू देणार नाहीत.

आणि आता मुख्य गोष्ट जी मघाशी लिहायची राहिली. आईंसाठी दुकानात एवढी खटपट करण्यापेक्षा बुचोंना विचारा की देमाए करता येईल का. ईदाची ही खासियत आहे, मांसाचं दुकान घरी किंवा बागेत मांस तर पोचवतंच, सोबत शेगडी आणि गॅसचा सिलिंडर पण देतं, खाऊन झाल्यावर ते येऊन सामान घेऊन जातात. गणपती-दिवाळीला आपल्याकडे जसं मंडप-खुर्च्या भाड्यानं आणतात तसं इथे सण, शाळेची सहल, कोणाच्या घराची पूजा, काही असो, शेगडी येते. बुचोंचं घर तिथे आहे म्हणता ना? मग अंगणात मांडा. एक शेगडी मटणाला, एक आईंना, भाजी बाजारातनं आणा, धूर आकाशात. बाबांना खुर्ची. प्रश्नच मिटला.

नागपूरची_सून

हे बेस्ट आहे. दुसरी शेगडी आली की आईंना बोलवून सांगा की ही तुमची, तिच्यावर मांस जाणार नाही, आणि चिमटा पण त्यांच्या हातात द्या.

पुणेरी_तोक्योकर

अंगणातली आयडिया मलाही आवडली, मान्य. तरी मात्सुसाकाचं माझं म्हणणं कायम आहे. आणि हो, तिथे कोंबडीचं याकिनिकू पण असतं, मिसोच्या ताऱेमधलं, गावातली लोकं बीफपेक्षा तेच जास्त खातात. गणेशराव, वहिनींना न्या.

तेनर्यूकाठचा_सांगलीकर

बघा, शेवटी कोंबडीवर आलात :)

चिपळूणचा_गण्या

मंडळी, जाऊन आलो. उशिरा लिहितोय, आई-बाबा होते तोवर वेळच मिळाला नाही.

बुचोंना देमाए म्हटल्यावर ते म्हणाले मी तेच करणार होतो, तुला कोणी सांगितलं? दुपारी शिनानो स्वीट सफरचंदं तोडली, चारच्या सुमारास एक छोटा ट्रक आला, पोरानं दोन शेगड्या, सिलिंडर, जाळ्या आणि मांसाच्या पिशव्या उतरवल्या, गॅस लावून दाखवला आणि गेला. पिशव्यांवर मार्करनं लिहिलेलं होतं कुठलं काय ते, बुचोंच्या बायकोनं बीफची पिशवी उचलून सरळ टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली.

बाबांनी पहिला तुकडा चावला आणि विचारलं ह्यात मसाला का नाही. मग ताऱेत बुडवून खाल्ला तेव्हा गप्प झाले. मग त्यांना काय सुचलं कोण जाणे, पिशवीतनं घरून आणलेलं सुकं लसूण-खोबरं काढलं आणि तुकडा त्यात घोळवून बुचोंना दिला. बुचोंना घाम फुटला पण नंतर वाटी त्यांच्याच पुढ्यात होती. आईची शेगडी खरंच वेगळी ठेवली, तिनं मका भाजला आणि मीठ-लिंबू-तिखट लावून सगळ्यांना दिला, बुचोंचे शेजारी पण येऊन घेऊन गेले, त्यामुळे ती बसूनच नव्हती कुठे.

मी कुरोमोत्सु खाल्लं. चावायला वेळ लागतो, पण बियरबरोबर सुटत नाही. सांगलीकरकाकांनी सांगितलेलं धरणाचं मी बुचोंना विचारलं तर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले त्यांचे आजोबा त्या कामावर सामान पोचवायचे, आणि विषय बदलला. मी पुढे विचारलं नाही.

हामामात्सुची_मधुरा

उशिरा आलेय धाग्यावर. आम्ही सात-आठ मराठी कुटुंबं नोव्हेंबरात तिकडे यायचं म्हणतोय, कोणाचंच घर नाही तिथे. देमाए बागेत वगैरे मिळतं का? आणि ते नुसतं मटण-चिकन आणून देतील का, बीफ नको आम्हाला.

तेनर्यूकाठचा_सांगलीकर

मिळतं ताई. आधी जागा पक्की करा, नदीकाठची मैदानं आणि कॅम्पची ठिकाणं आहेत पण प्रत्येक ठिकाणी शेगडी पेटवू देत नाहीत, विचारून घ्या. मग दुकानाला फोन करून माणसं किती आणि मातोन, बुता (डुक्कर), तोरी (कोंबडी) प्रत्येकी किती ग्रॅम ते सांगा, वजनावरच देतात. बीफ नको म्हटलं तर काही वाटत नाही त्यांना. ठरावीक रकमेच्या वर मागवलं की शेगडीचं भाडं घेत नाहीत, ते दुकानागणिक बदलतं. जाळ्या नव्या द्या म्हणून आवर्जून सांगा. नोव्हेंबरात उन्हं चारलाच डोंगराआड जातात आणि मग गारठा असा पडतो की चरबी ताटातच थिजते, तेव्हा दुपारी बारालाच मांडा. तारीख ठरली की इथे टाका, शनिवार-रविवार असेल तर मी पण येतो, कांदे चिरायला.